बिनअंगठ्याचा हातमोजा

गुरुवारी दुपारी रोरी मॅक्रे दारात उभा राहिला तेव्हाच डोलिनाने ओळखलं, की हा काहीतरी गळ्यात घालायला आलाय. शाळेतून निवृत्त झाल्यापासून रोरीने सबंध गावाचा इतिहास एकट्याने अंगावर घेतला होता, आणि ते ओझं जड झालं की तो ते वाटायला घरोघर हिंडायचा. तो डोलिनाच्या चुलतबहिणीचा मुलगा. तिला मावशी म्हणायचा, आणि एकदा मावशी म्हटलं की चहा आणि ओटच्या भाकरीचा तुकडा हक्काचा झाला असं त्याचं गणित होतं.

दर मे महिन्यात गावात पाहुणे यायचे. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत या लॉख यूच्या खाडीतून मालाची जहाजं तांड्याने रशियाला जायची, वर बर्फाच्या समुद्रातून. त्यांतले उरलेसुरले खलाशी, आणि आता बहुतेक त्यांची मुलंबाळं, खाडीच्या मुखाशी खडकावर जे स्मारक आहे तिथे फुलांचं चक्र वाहायला यायची. कार्यक्रम शनिवारी असायचा, कारण रविवारी या गावात देवाच्या प्रार्थनेखेरीज काही होत नाही. डोलिना एकाही वर्षी गेली नव्हती. गावाने त्याचा अर्थ आपल्या परीने लावला होता: म्हातारीचा कुणीतरी खलाशी बुडाला असणार, म्हणून तर लग्न केलं नाही. डोलिनाने हे कधी खोडून काढलं नाही. लोक हळहळतात तेव्हा विचारत काही नाहीत, ही सोय तिला पुरली होती.

रोरी सांगत होता ते असं. हल शहराहून जॅनिस ब्लेंकिन नावाची बाई येणार होती. तिचे वडील, विल्फ, याच तांड्यांवर खलाशी होते. सरकारला सत्तर वर्षांनी जाग आली आणि या वर्षी एकदाची पदकं निघाली, तर त्याआधी तीन महिने ते गेले. त्यांच्या कपाटात लोकरीच्या हातमोज्यांचा जोड निघाला. चार बोटं एकत्र, अंगठा वेगळा, असे दर्यावर्दी हातमोजे. त्यातल्या उजव्याला अंगठाच नाही.

"ओढ्यापलीकडच्या पांढऱ्या घरातल्या डोलिनाने विणले, असं म्हणायचे म्हणे," रोरी म्हणाला. "गावात तेव्हा डोलिना तीन. एक कॅनडात वारली, दुसरीला विणताच यायचं नाही. राहिलात तुम्ही."

"कधी गेला तो?" डोलिनाने विचारलं.

तिची धाकटी बहीण मर्डिना चुलीशी चहा ओतत होती. ब्याऐंशी वर्षांची, नवरा गेल्यापासून इथेच राहायला आलेली, आणि कान अजून शाबूत. तिने किटली खाली ठेवली आणि बहिणीकडे पाहिलं.

"जानेवारीत," रोरी म्हणाला. "पण पुढचं ऐका ना. अंगठा का राहिला? रविवार उजाडला म्हणून. समोर खलाशी उभा, दुसऱ्या दिवशी जहाज सुटणार, आणि सोळा वर्षांची पोर म्हणते, देवाच्या दिवशी मी सुईला हात लावणार नाही. मावशी, सोनं आहे हे. गावच्या प्रदर्शनासाठी मी पाटी लिहूनसुद्धा ठेवलीय."

त्याने खिशातून कागद काढून पाटीचा मजकूर वाचून दाखवला. त्यात श्रद्धा हा शब्द दोनदा होता. डोलिनाने मान खाली घातली. रोरीला वाटलं, मावशीला भरून आलं.

भरून वगैरे काही आलं नव्हतं. त्या रविवारच्या आदला शनिवार तिला आठवला होता.

त्रेचाळीसचा फेब्रुवारी होता. खाडी जहाजांनी भरलेली, आणि त्यांच्या होड्या दूध-अंड्यांसाठी किनाऱ्याला यायच्या. विल्फ ब्लेंकिन त्यातला. एकोणीस वर्षांचा, हातांना भेगा पडलेला, आणि त्याचं इंग्रजी गावाला कळेना नि गावाचं त्याला. आरमाराने दिलेले हातमोजे भिजले की लाकडासारखे कडक होतात, असं त्याने अर्धं खाणाखुणांनी सांगितलं. तेलकट लोकरीचा एक जोड विणून मिळेल का? डोलिनाने स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, त्याचा हात त्यावर ठेवायला लावला आणि पेन्सिलीने कड काढून घेतली. पेन्सिल बोटांच्या बेचक्यातून गेली की त्याला गुदगुल्या व्हायच्या आणि रेघ हलायची. मग पुन्हा काढावी लागायची. शनिवारी संध्याकाळपर्यंत नक्की, असं तिने सांगितलं. तो रविवारी दुपारी येणार होता. सोमवारी जहाजं सुटणार हे गुपित होतं, म्हणजे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

शनिवारी दुपारी उजव्या हाताचा अंगठा तेवढा राहिला होता. अंगठ्याच्या जागचे अकरा टाके लाल लोकरीत ओवून तिने बाजूला धरून ठेवले होते. काम अर्ध्या तासाचं. तेवढ्यात शेजारची केना आली. किनाऱ्यावरच्या लष्करी छावणीत नाच होता, अकॉर्डियन वाजवणारा आणला होता. डोलिनाचे वडील चर्चच्या कारभारी मंडळातले, नाच म्हणजे नरकाची वाट असं मानणारे, पण ते आणि आई दुसऱ्या गावी प्रार्थनेला गेलेले. डोलिनाने मोजा टोपलीत टाकला, मर्डिनाच्या हातात गप्प बसायची लाच ठेवली आणि पळाली. एका मिशीवाल्याबरोबर ती सगळी संध्याकाळ नाचली. त्याचं नावही तिला आता आठवत नव्हतं. बाराच्या आत नाच बंद झाला, कारण बाराला रविवार लागतो. तेवढी लाज छावणीलाही होती.

दुसऱ्या दिवशी डोकं दुखतं म्हणून ती घरी राहिली. डोकं दुखत नव्हतं, पाय दुखत होते. बाकीचे चर्चला गेले. विल्फ आला तेव्हा शेतापलीकडून स्तोत्राचे सूर ऐकू येत होते. त्याने टोपी काढली. डावा मोजा चढवला, मूठ मिटली, उघडली, आणि हसला. मग उजवा चढवला. अंगठा भोकातून उघडाच बाहेर आला.

"माझ्याकडे अर्धा तास आहे," तो म्हणाला होता. "थांबतो मी."

सुया हाताशी फळीवर होत्या. लोकर होती. खरं सांगायचं म्हणजे नाचाला गेले होते एवढं म्हणायचं होतं, आणि बसून विणायचं होतं. पण या मुलासमोर आपण उनाड ठरू, ही एवढीशी भीती आडवी आली. आणि तोंडातून निघालं, "आज रविवार आहे. आमच्यात देवाच्या दिवशी सुईला हात लावत नाहीत."

ते खोटं नव्हतं. गावातल्या कुठल्याही घरात हेच उत्तर मिळालं असतं. बटाटे शनिवारी सोलून ठेवायचे, पाणी शनिवारी भरून ठेवायचं, रविवारी दोरीवर फडकंसुद्धा दिसता कामा नये. गोष्ट खरी होती, पण ती म्हणायचा तिला काही अधिकार नव्हता. तिने देवाला आपल्या आळसापुढे उभं केलं होतं.

विल्फ कानापर्यंत लाल झाला. "माफ करा हं. माझ्या लक्षात यायला हवं होतं," असं म्हणाला. उलट्या पावलांनी दारापर्यंत गेला आणि टोपी तशीच हातात धरून पायवाटेने उतरला.

जूनमध्ये त्याच जहाजावरचा दुसरा एक जण अंडी घ्यायला आला. ब्लेंकिन? तो इस्पितळात. उजवा अंगठा थंडीने गेला. डेकवर बर्फ चढतं, ते रात्रंदिवस कुऱ्हाडीने फोडावं लागतं, नाहीतर जहाज भाराने कलंडतं. आणि अंगठा आत दुमडून कुऱ्हाड धरता येत नाही, तो बाहेर काढावाच लागतो. एवढं सांगून त्याने डझनभर अंडी घेतली आणि तो गेला. तेव्हापासून डोलिनाने खलाशांच्या आठवणीला तोंड दाखवलं नव्हतं.

शनिवारी मात्र सुटका नव्हती. रोरी गाडी घेऊन आला आणि दोघी बहिणींना घेऊन गेला. गावच्या सभागृहात पहिल्या रांगेत डोलिनाला बसवलं, तेही पाद्र्याच्या शेजारी.

जॅनिस ब्लेंकिन साठीची, रुंद खांद्यांची, केस आखूड कापलेले. बोलायला उभी राहिली तेव्हा तिने कागदबिगद काही काढला नाही. वडिलांची गोष्ट तिने सांगितली. अंगठा गेल्यावर मासेमारीच्या बोटीवर कुणी घेईना, म्हणून ते गोदीत लागले. पुढे मुकादमी चालून आली, पण तिच्यात रविवारची पाळी होती. त्यांनी ती नाकारली. आई आयुष्यभर कुरकुरली, कारण दोन खोल्यांतून बाहेर पडणं झालंच नाही. बाबा काही धर्माचे वेडे नव्हते, जॅनिस म्हणाली, बाकी सहा दिवस शिव्या अस्खलित द्यायचे. पण रविवारी काम नाही म्हणजे नाही.

"तेरा वर्षांची होते मी. पोहण्याच्या शर्यतीची अंतिम फेरी रविवारी आली," ती पुढे म्हणाली. "त्या वर्षी जिल्ह्यात माझ्याहून वेगात कुणी पोहत नव्हतं. बाबा म्हणाले, नाही जायचं. मी रडले, ताट लोटलं. तेव्हा त्यांनी हा मोजा टेबलावर ठेवला. म्हणाले, माझ्यासमोर एक पोरगी एकटी उभी होती, तिला मला नाही म्हणायला किती जड गेलं असेल. पण म्हणाली. सगळ्या लढाईत मला खरं माणूस ते एक भेटलं. तिला जमलं तर तुला जमेल. मी वर्षभर त्या पोरीला शिव्या घातल्या. मग कधीतरी पटलं, की माणसात एखादी गोष्ट अशी असावी, जिचा सौदा होत नाही. आई गेली, माझा संसार मोडला, तेव्हा मी त्याच एका गोष्टीला धरून उभी राहिले."

टाळ्या पडल्या. पाद्री मान डोलवत होता. डोलिनाला उभं राहावं लागलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. तोंड उघडलं, सगळे कान देऊन ऐकायला लागले, आणि ती म्हणाली, "त्या साली थंडी फार होती." मग खाली बसली. कुणीतरी तिच्या हातात रुमाल दिला, तो तिने घेतला. रडू येत नसताना डोळ्यांना लावलासुद्धा. त्या दिवशीची ही दुसरी लबाडी.

जॅनिसने पातळ कागदातून मोजा काढून तिच्या मांडीवर ठेवला. वडिलांनी कुणाला त्याला हात लावू दिला नव्हता. जिने विणायला घेतला तिनेच तो पुरा करायचा, असं म्हणायचे. आता कराल का? उद्या हलला परतताना अकराच्या सुमाराला ती तो बघायला येणार होती, मग तो रोरीच्या प्रदर्शनात राहील.

"रात्री बारापर्यंत वेळ आहे, मावशी," रोरी म्हणाला, आणि सगळे हसले.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर डोलिना खिडकीशी मोजा घेऊन बसली. मेमधला उजेड, लवकर हलायचं नाव घेत नाही. लाल लोकरीचा रंग विटून विटेसारखा झाला होता, पण अकराही टाके जागच्या जागी होते. सत्तर वर्षं विल्फने सांभाळले होते ते.

"नाचाला गेली होतीस तू त्या शनिवारी," मर्डिना आपल्या खुर्चीतून म्हणाली. "मला काय विसरायला झालंय? चॉकलेट दिलं होतंस गप्प बसायला. अर्धी वडी."

"पूर्ण वडी दिली होती."

"अर्धी. अर्धी तू खाल्लीस." मर्डिना खुर्चीत पुढे झुकली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "विणून टाक आता आणि देऊन टाक. ती बाई त्या गोष्टीवर उभी आहे. तिच्या पायाखालचं काढून घेऊन तुला काय मिळणार आहे?"

 हेच डोलिनाने स्वतःला दुपारपासून चार वेळा विचारलं होतं, आणि चारही वेळा उत्तर आपल्या सोयीचं निघालं होतं. म्हणूनच तिचा त्याच्यावर विश्वास बसत नव्हता. तिने मोजा टोपलीत ठेवला आणि झोपायला गेली.

रविवारी सकाळी तिने मर्डिनाला एकटीला रोरीकडे पाठवलं, त्याच्या गाडीतून चर्चला जायला. मग घरासमोर रस्त्यालगत जे बाक आहे तिथे येऊन बसली, टोपली मांडीवर घेतली आणि चार सुया काढल्या. तेवढ्यात रोरीची गाडी समोरून गेली. मागच्या बाजूला बसलेल्या मर्डिनाने समोर बघितलं ते बघितलंच, मान वळवली नाही. रोरीची गाडी क्षणभर हळू झाली आणि पुढे गेली.

शहाऐंशी वर्षांत डोलिनाने रविवारी सुई धरली नव्हती. त्या एका रविवारनंतर तर नियम तिने सगळ्यांहून कडक पाळला होता. जे सोंग म्हणून बोलली ते निदान पाळावं, एवढाच त्यात अर्थ होता. टाके उचलताना बोटं वळेनात. सांध्यांनी केव्हाच संप पुकारला होता. लोकर निळीच होती, पण जुन्यापेक्षा थोडी उजळ निघाली, त्याला इलाज नव्हता.

जॅनिस आली तेव्हा पाच ओळी झाल्या होत्या. फाटकाशी ती थबकली. सुयांकडे पाहिलं, मग शेतापलीकडे पाहिलं. तिकडून स्तोत्र ऐकू येत होतं.

"आज रविवार आहे ना?" तिने विचारलं.

"हो. त्या दिवशीही रविवारच होता. बसा, मला काही सांगायचंय."

जॅनिस बसली नाही. डोलिनाने सांगितलं. टोपली, केना, अकॉर्डियन, मिशीवाला. डोकं दुखत नव्हतं ते. सुया फळीवर होत्या ते. एकही गोष्ट गाळली नाही, आणि मी लहान होते असं एकदाही म्हणाली नाही. ते म्हणायचा मोह दोनदा झाला.

जॅनिसचा चेहरा लाल होत गेला, अगदी कानापर्यंत. ते बघून डोलिनाला पुढचं बोलवेना.

"म्हणजे तसलं काही नव्हतंच," जॅनिस म्हणाली. "मी शर्यतीला गेले नाही ती तुमच्या नाचापायी."

"हो."

"आईने दोन खोल्यांत जन्म काढला."

"मला ते काल कळलं."

"आणि हे मला सांगितलं नसतं तर काय बिघडलं असतं तुमचं?"

"काहीच नाही. म्हणूनच काल गप्प बसले. टाळ्या घेतल्या." डोलिनाने सुया खाली केल्या. "अजून एक राहिलंय. जाताना त्याने माझी माफी मागितली. रविवारी काम सांगितलं म्हणून. मी ती घेतली."

 जॅनिसने हात पुढे केला. डोलिनाने सुयांसकट मोजा तिच्या हातात दिला. आता ही सुया उपसून काढणार आणि निघून जाणार, असं तिला वाटलं, आणि तिने तसं केलं असतं तर डोलिनाला बोलायला तोंड नव्हतं. जॅनिसने नव्या पाच ओळींवरून बोट फिरवलं. मग मोजा पुन्हा डोलिनाच्या मांडीवर ठेवला.

"किती वेळ लागेल?"

"तेव्हा अर्धा तास लागला असता. आता जास्त लागेल."

"थांबते मी," जॅनिस म्हणाली. ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि तोंड खाडीकडे केलं.

तासाहून जास्त वेळ लागला.  एकदा टाका सुटला, डोलिनाने तो उकलून पुन्हा घेतला. स्तोत्र थांबलं, प्रवचन संपलं, आणि पहिली माणसं रस्त्यावर दिसायला लागली. काळे कोट, हातात बायबल. आधी ती लांबून बोलत येत होती, मग जवळ आल्यावर गप्प झाली. लहानपणीच्या सवयीने डोलिनाचे हात अ‍ॅप्रनखाली जायला बघत होते. तिने ते गुडघ्यांवर, उघड्यावर ठेवले. पाद्री जाताना थबकला, हॅटला हात लावला आणि पुढे गेला. तिचे कान जळत होते.

शेवटचा टाका ओढून तिने लोकर तोडली. जॅनिसने मोजा हातात चढवला. तिचा अंगठा आत सैल हलला.

"मोठा झाला," ती म्हणाली.

"त्याच्या मापाचा आहे," डोलिना म्हणाली.

जॅनिसने हाताकडे पाहिलं.  मोजा काढून तिने कागदात गुंडाळला नाही, कोटाच्या खिशात घातला.

"हा प्रदर्शनात जाणार नाही, मी घरी नेतेय," ती म्हणाली. "आणि रोरींच्या त्या पाटीचं मी त्यांना काही सांगणार नाही. ते तुम्ही सांगायचं."

ती गाडीत बसली आणि निघून गेली. तिने वळून पाहिलं नाही. धूळ खाली बसते न बसते तोच रोरीची गाडी फाटकाशी थांबली. मर्डिना एका बाजूने उतरली, रोरी दुसऱ्या. दोन म्हाताऱ्या पावलं रेंगाळवत रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या होत्या, ऐकण्याइतक्या जवळ. रोरीने बाकावरच्या सुयांकडे पाहिलं.

"मावशी?"

"ये, बस इथे," डोलिना म्हणाली. आवाज हळू निघाला, म्हणून तिने तो रस्त्यापर्यंत ऐकू जाईल इतका चढवला. "पाटी चुकलीय तुझी, रोरी. मी सांगते तशी लिहून घे."